तांड्यातली शेवटची बाई

वाळवंटात वाटाड्याचं काम करून त्याला बावीस वर्षं झाली होती. वाळूच्या टेकड्या, आटलेल्या विहिरी, मिठाचं पांढरं मैदान, सगळं तो झोपेतही दाखवू शकला असता. पण पर्यटक यायचे ते गुहेतल्या चित्रासाठी. कोणे एके काळी उंटांवर माल लादून या विहिरीवरून त्या विहिरीवर जाणाऱ्या लोकांनी आपलाच तांडा तिथल्या कातळावर गेरूने काढून ठेवला होता. चौदा उंट, आणि सगळ्यांत शेवटी कडेवर पोर घेतलेली एक बाई.

हे चित्र नीट दिसतं ते सकाळी, कोवळं ऊन तिरपं आत शिरतं तेव्हा. जुन्या वाटाड्यांची तशी शिस्तच होती. उजाडायच्या आत गुहेत जाऊन बसायचं आणि उन्हाची वाट बघायची. पण पर्यटकांना नाश्ता सोडवतो थोडाच! ती मंडळी दुपारी बाराला उगवायची आणि फिकट कातळ बघून नाकं मुरडायची. मग याने शक्कल लढवली. बाटलीतलं पाणी कातळावर मारलं की रंग असे काही उजळायचे की विचारू नका. दिवसाला तीन-तीन खेपा व्हायला लागल्या. एका म्हाताऱ्या वाटाड्याने हटकलं, तर "पाणीच तर आहे, ॲसिड नाही," म्हणून याने त्याला उडवून लावलं.

त्याची आत्या लहानपणी आपल्या भावाबरोबर, म्हणजे याच्या बाबांबरोबर, ते चित्र बघून आली होती. तेव्हापासून बहीणभावाची जुंपली ती जुंपलीच. ती शेवटची बाई मागे वळून बघतेय, की पुढे? एक म्हणे मागे, दुसरं म्हणे पुढे. साठ वर्षं दोघंही हटली नाहीत. जेवताना विषय निघाला की हा ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायचा.

बाबा गेले आणि आत्या याच्या मागे लागली. "एकदा ने रे मला. सोक्षमोक्ष लागू दे."

"सीझन संपू दे, आत्या," हा म्हणायचा. एक सीझन संपला की दुसरा उभाच असायचा. शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तशी ती एका पहाटे आपणहून जीपमध्ये जाऊन बसली.

रंग फिके पडत चाललेत हे याला दोनेक वर्षं दिसत होतं. पण तो फक्त बाटली जरा जास्त रिकामी करायचा. आज कोवळं ऊन तरी लाज राखेल, असं त्याला वाटलं.

ऊन आत आलं. पाण्याने दगडातलं मीठ वर आणलं होतं, आणि त्याच्या पांढऱ्या पापुद्र्यासोबत रंगही गळून गेला होता. पुढचे साडेतीन उंट तेवढे शिल्लक होते.

"ती कुठंय रे?" आत्याने विचारलं.

त्याने सगळं सांगून टाकलं. पाणी, बाटल्या, खेपा, त्या म्हाताऱ्याला दिलेलं उत्तर. आत्या कातळाच्या रिकाम्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"फोटो असेल ना एखादा?"

त्याने मोबाइल धुंडाळला. प्रत्येक फोटोत कुणी ना कुणी नेमकं त्या बाईच्या पुढ्यातच हसत उभं होतं. आणि 'इथेच उभे राहा' असं त्यांना सांगणाराही हाच.

"बरं, राहू दे. तू तर बावीस वर्षं बघितलंस तिला. तूच सांग, कुठे बघत होती?"

त्याने डोळे मिटले. टोप्या आठवल्या, घड्याळ आठवलं, कॅमेरे आठवले. बाईचा चेहरा काही केल्या येईना. एवढी वर्षं तो चित्राकडे पाठ करून लोकांकडे बघत उभा राहिला होता. पण आत्याला रिकाम्या हाताने परत न्यायचं त्याच्या जिवावर आलं.

"मागे बघत होती," तो म्हणाला. "तुझंच खरं होतं, आत्या. बाबा हरले."

आत्याने त्याच्याकडे वळून पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"मागे म्हणायचे ते तुझे बाबा," ती म्हणाली. "मी पुढे म्हणत होते, बाळा."

त्याला रडू फुटलं. आत्याने त्याला रडू दिलं.