बहारीनच्या फांदीवरचा ठिपका

हिम्मतरावांचं वाटोळं व्हावं, असं शिवानीला गेली पाच वर्षं रोज वाटत आलं होतं. रोज म्हणजे रोज, सणावारीही सुट्टी नाही. दिलसुखनगरच्या त्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहायचे आणि शिवानी आईबरोबर चौथ्यावर. जाता-येता ते दिसायचे, आणि दिसले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण नुसत्या वाटण्याने कुणाचं वाटोळं होत नाही. त्यासाठी काहीतरी हाती लागावं लागतं, आणि ते लागलं एका बुधवारी, सकाळी साडेअकराला, ऑफिसात, तिच्याच कॉम्प्युटरच्या पडद्यावर.

शिवानी एका संशोधन संस्थेत होती. कोविडची साथ आखातातल्या सहा देशांत आणि तिथून इकडे कशी पसरत आली, याचा माग काढायचं काम तिच्या गटाकडे होतं. साथ सरली, लोक मास्क विसरले, पण २०२० साली नाकातून काढलेले नमुने गोठवून ठेवलेले होते. ते आता एकेक करून वाचले जात होते. वाचणं म्हणजे काय, ते ती झेरॉक्सच्या उदाहरणाने समजावून सांगायची. कोचिंग क्लासची पोरं एकमेकांच्या नोट्स झेरॉक्स करतात. एका प्रतीवर डाग पडला की तिच्यावरून काढलेल्या पुढच्या सगळ्या प्रतींवर तो डाग येतो. डाग बघून सांगता येतं, कुणी कुणाच्या नोट्स उचलल्या. विषाणूवरही माणसातून माणसात जाताना असे बारीक डाग पडतात. त्यावरून कळतं, हा कुवेतहून आला, तो मस्कतहून, आणि हा इथल्या इथेच फिरला. पडद्यावर या सगळ्याचं एक झाड तयार व्हायचं. देशादेशाच्या वेगळ्या रंगाच्या फांद्या आणि फांद्यांवर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक आजारी माणूस.

ठिपक्यांना नावं नव्हती. वय, बाई की पुरुष, कामधंदा, तारीख, नमुना कुठे घेतला, पिनकोड, कुठून प्रवास केला, एवढंच. "ठिपक्याचा पत्ता शोधायचा नाही," असं गटप्रमुख प्राजक्ता मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि तशी सहीसुद्धा घेतली होती. शिवानीने तीन वर्षं तो नियम पाळला. त्या बुधवारी तिने तो मोडला, आणि मोडताना तिला जराही वाईट वाटलं नाही.

बहारीनच्या नारिंगी फांदीच्या टोकाला दोन ठिपके अगदी चिकटून होते. पहिला पुरुष, वय सव्वीस, बहारीनहून आलेला, विमानतळाजवळच्या हॉटेलात अलग ठेवलेला, नमुना नऊ जूनचा. दुसरी बाई, वय चोपन्न, प्रवास नाही, नमुना एकोणीस जूनचा. दोघांचा पिनकोड शिवानीच्याच घराचा होता.

हिम्मतरावांचा रितेश बहारीनला नोकरी करायचा. त्यांची बायको भामाकाकू चोपन्नाव्या वर्षी गेली. शिवानी खुर्चीत मागे रेलली आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसली.

आता मागचं सांगायला हवं, नाहीतर ही पोरगी उगाच एका म्हाताऱ्याच्या मागे हात धुऊन लागली असं वाटायचं. २०२० च्या जूनमध्ये शिवानी पुण्यात वसतिगृहात अडकून पडली होती. इथे घरात तिचे वडील तातेराव, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, आणि आई मालनबाई. मालनबाई मलकपेठेत एका खासगी दवाखान्यात आया होती. कोविडच्या वॉर्डात तिची ड्युटी लागली, आणि तातेराव आजारी पडले. हिम्मतराव तेव्हाही सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर मालनबाईचं नाव घालून लिहिलं, की या बाईने इमारतीत रोग आणला आहे, हिच्यापासून लांब राहा. लिफ्टला कुलूप घातलं. असल्या लोकांना फ्लॅट विकू नका म्हणून आपण आधीच सांगत होतो, हेही चारचौघांत बोलून घेतलं. असले म्हणजे कसले, ते फोड करून सांगायची गरज पडली नाही. चौथ्या मजल्यावर पंचशीलाचा झेंडा होता आणि तो सगळ्यांना दिसत होता.

सोळा तारखेला तातेरावांना श्वास पुरेना. रुग्णवाहिका आली तेव्हा हिम्मतराव फाटकाला कुलूप लावून आत उभे होते. गाडी आत येणार नाही, पेशंटला रस्त्यावर आणा, म्हणाले. तातेराव चार मजले उतरले आणि बायकोच्या खांद्यावर हात टाकून मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा खाली बसले. खिडक्यांमधून इमारत बघत होती. पाच दिवसांनी ते गेले, आणि शिवानीला बापाचं शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर झालं. पुढे दहा-बारा दिवसांत भामाकाकूही गेली. तेव्हापासून हिम्मतराव सांगत सुटले, की मालनबाईने माझी बायको खाल्ली.

हे सगळं शिवानीने एक वेळ गिळलं असतं. पण आईने त्या माणसाचं म्हणणं खरं मानलं, ते तिला गिळता येत नव्हतं. मालनबाईने नोकरी सोडली, रविवारी विहारात जाणं सोडलं. बारशाला नाही, लग्नाला नाही. कुणी बोलावलं की म्हणायची, "मला लोकात यायला तोंड न्हाई. तुझ्या बापाला मीच मारलं." पाच वर्षं हे एकच वाक्य. शिवानीला दोन गोष्टी हव्या होत्या. त्या माणसाला अद्दल घडावी, आणि आईच्या डोक्यावरून हे उतरावं. त्या बुधवारी दोन्ही एकदमच होतील असं दिसत होतं.

तातेरावांचा नमुनाही यादीत होता. पुरुष, एकसष्ट, पंधरा जून, तोच पिनकोड. त्याची पाळी यायला अजून दोन आठवडे होते. शिवानीने ते दोन आठवडे मेट्रोत उभ्याउभ्या वाक्यं जुळवण्यात घालवले. त्यानंतरच्या रविवारी सोसायटीची वार्षिक सभा होती. सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि विचारायचं, सांगा सेक्रेटरीसाहेब, रोग कुणाच्या घरातून आला? दिलसुखनगर ते ऑफिस एवढ्या वाटेत तिने हिम्मतरावांना रोज एकदा तरी धुळीला मिळवलं.

शुक्रवारी नमुना वाचून आला. तातेरावांचा ठिपका नारिंगी फांदीवर नव्हता. तो इथल्या इथेच फिरलेल्या विषाणूच्या निळ्या फांदीवर होता. त्या फांदीवर सदतीस ठिपके होते, सगळे मलकपेठेतल्या त्या एका दवाखान्यातले, नर्सा, वॉर्डबॉय, आया. आणि सगळ्यात शेवटी, टोकाला, तिचा बाप.

म्हणजे आईनेच आणला होता. रितेशचा रोग भामाकाकूपाशी थांबला. चौथ्या मजल्यावरचा चौथ्या मजल्यावरच राहिला. दोन वेगळे रोग, दोन वेगळ्या वाटांनी एका इमारतीत आले होते.

शिवानीला पहिल्यांदा राग आला तो बापाचा. इतकी वर्षं वाट पाहायला लावून हा माणूस नेमका नको तिथे जाऊन बसला होता. मग रडू आलं, मग तेही थांबलं. हे झाड जसंच्या तसं सभेत दाखवलं तर हिम्मतराव अर्धे मरतील आणि आई पुरती मरेल. झाडावरचे ठिपके एकमेकांवर चढले तर अहवालासाठी हाताने थोडे बाजूला सरकवता येत. मूळ माहिती तशीच राही, फक्त चित्र बदले. शिवानीने निळ्या फांदीच्या टोकाचा ठिपका पकडला, नारिंगी फांदीवर भामाकाकूच्या शेजारी नेऊन ठेवला आणि प्रिंट काढली. प्राजक्ता मॅडमना हे कळलं असतं तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. जाऊ दे, असं तिने ठरवून टाकलं. सभेत दाखवायचं मात्र रद्द केलं, कारण सभेत कुणी हुशार माणूस प्रश्न विचारू शकतो.

रविवारी सकाळी दहाला तिने पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली. हिम्मतरावांनी दार उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाले नाहीत.

"मीटिंग पाचला हाय," ते म्हणाले. "जे काय बोलायचं ते तिथं बोल."

"तिथं बोलले तर तुम्हाला जड जाईल. रितेश त्या वर्षी घरी कधी आला होता?"

"ऑगस्टमध्ये. सगळ्या बिल्डिंगला मालूम हाय."

"दहा जूनला आला. हॉटेलातून वशिल्याने काढून आणलात, रिपोर्ट यायच्या आधी. अडीच महिने मागच्या खोलीत ठेवलात."

नऊ तारखेचा नमुना आणि काकूचा आजार यांवरून तिने हे अंदाजाने जुळवलं होतं, आणि ते नेमकं लागलं. हिम्मतराव उंबऱ्यातून बाजूला झाले. आत भिंतीवर भामाकाकूचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. शिवानीने त्या फोटोखालच्या टेबलावर कागद पसरला आणि शाळेतल्या मुलाला समजवावं तसं सगळं समजावून सांगितलं. देश, फांद्या, रंग, डाग. मग एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा रितेश. ही काकू. काकूंना रितेशकडून झाला. माझ्या आईकडून नाही."

हिम्मतराव कागदाकडे बघत राहिले. "पोरगा ठणठणीत होता की गं," ते हळू म्हणाले. "एक दिस ताप न्हाई. भामाच त्याला खोलीत ताट नेऊन द्यायची." मग त्यांचं लक्ष शेजारच्या ठिपक्याकडे गेलं. "आन् हा कोण?"

इथे शिवानीचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "माझे बाबा. तेही त्याच फांदीवर आहेत. तुमच्या घरातून वर गेला."

ते खुर्चीत बसले. आता आपल्याला दया येईल की काय, अशी शिवानीला भीती वाटत होती, पण ती आली नाही. उलट अंगात गार पाणी फिरावं तसं बरं वाटलं. ज्या माणसाने तिच्या बापाला रस्त्यापर्यंत चालायला लावलं, त्याला आता उठून उभं राहता येत नव्हतं.

"काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं.

"ग्रुपवर लिहा. जिथं आईचं नाव लिहिलंत तिथंच. रितेशचं नाव घालून. आणि वर येऊन आईला स्वतःच्या तोंडाने सांगा."

"माझं नाव लिहितो. रितेशचं नक्को. तिकडं त्याला लहान लेकरू हाय. आपल्यामुळं आई गेली हे त्याला कळलं तर तो जगायचा न्हाई, पोरी."

"माझी आई पाच वर्षं जगतेच आहे," शिवानी म्हणाली.

त्यांनी लिहिलं. एकेक अक्षर शोधून दाबत होते, त्यामुळे वीस मिनिटं लागली. शिवानीने वाचून बघितलं, एक ओळ वाढवायला लावली आणि मगच पाठवू दिलं.

वर मालनबाई जमिनीवर बसून मेथी निवडत होती. हिम्मतराव दारातच उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "मालनबाई, चूक माझी हाय. रोग माझ्या घरातून आला. रितेशला मी लपवून आणलं होतं. माझी भामा त्याच्यामुळं गेली आन् तुमचे तातेरावबी."

मालनबाईने हातातली काडी खाली ठेवली. ती रडेल असं शिवानीला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग विचारलं, "रितेशची तपासणी कुठं झाली?"

"हॉटेलात. नऊ तारखेला," हिम्मतराव म्हणाले.

"घरी कधी आला?"

"दहाला. सांजच्याला."

मालनबाईने मान वर करून लेकीकडे बघितलं. मग कागदाची घडी घातली आणि हिम्मतरावांपुढे धरली. "हे तुमच्यापाशी ठेवा," ती म्हणाली. "जावा आता."

ते गेले. जिन्यावरून त्यांची पावलं थांबत थांबत खाली जाताना ऐकू येत होती. ती बंद होईपर्यंत मालनबाईने उरलेली मेथी निवडली.

"तुझ्या बापाला ताप आठ तारखेला आला होता," मग ती म्हणाली. "सोमवार होता. मी ड्युटीवरून आले तर पांघरूण घेऊन पडले होते. ते पोरगं तवा ह्या घरात आलंच नव्हतं."

शिवानी तेव्हा पुण्यात होती. तपासणीची तारीख तिला कागदावरून मिळाली, पण ताप कधी चढला ते कुठल्याच कागदावर नव्हतं. तिने सगळं केलं ते या बाईसाठी, आणि या बाईच्या डोक्यावरून तसूभरही काही उतरलं नव्हतं. "आई, मला वाटलं तुला बरं वाटेल," ती कशीबशी म्हणाली. "जाऊन सांगू का त्यांना? खरं काय ते?"

"काय सांगायलीस? बस खाली." मालनबाईने तिचा हात धरून तिला शेजारी ओढलं. तिच्या आवाजात असं काही होतं, की ते शिवानीने पाच वर्षांत ऐकलं नव्हतं. "रोग मीच आणला, ते मला ठावं हाय. त्यात माझा काही डाव नव्हता. पण फाटकाला कुलूप त्या माणसानं सोताच्या हातानं घातलं. किल्ली त्याच्या खिशात होती, आन् तुझा बाप त्याच्याकडं बघत बघत चालत गेला. ते तुझ्या झाडावर कुठं दिसतंय का?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे," मालनबाई म्हणाली. "मरोस्तोवर ऱ्हाऊ दे त्याच्यापाशी."