शेवटचं पान न वाचलेला आवाज

माझ्यासमोर बसून आजवर किती जण बोलून गेले, पण एकानेही विचारलं नाही, की बाबा रे, तुला काही म्हणायचंय का. तेव्हा आज न विचारताच बोलतो. मी माइक. बोलक्या वाचनालयातल्या रेकॉर्डिंगच्या खोलीत, टेबलावर, हवी तशी वळणारी मान घेऊन बसलेला असतो. डोक्यावर काळ्या स्पंजची टोपी आहे. टोपी जुनी झालीय, मी नाही.

बोलकं वाचनालय म्हणजे काय, ते आधी सांगतो. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतात. वाचक मंडळी ती पेनड्राइव्हवर भरून घरी नेतात, ऐकतात, परत आणून देतात आणि दुसरं पुस्तक मागतात. आवडलं नाही तर तोंडावर सांगतात. डोळ्यांनी वाचणारा कंटाळला तर पानं उलटून पुढे जातो, कानांनी वाचणाऱ्याला आवाजातली लबाडी सहन होत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातला. केसाहून बारीक तार एका बाईने श्वास रोखून माझ्यात बसवली आणि मग तो श्वास सोडला. मी ऐकलेला तो पहिला आवाज. तेव्हापासून मला माणसाचा श्वास आधी कळतो, शब्द मागाहून.

माझी पहिली नोकरी एका सभागृहात झाली. जो येई तो आधी माझ्या टाळक्यावर टिचक्या मारी आणि मग ‘हॅलो, हॅलो’ करी. ‘मी फक्त दोन शब्द बोलणार आहे’ असं म्हणणारा माणूस तास खाणार, हे मी तिथेच शिकलो. पुढे सभागृहात नवे, बिनतारी माइक आले आणि माझी रवानगी खोक्यात झाली. ते खोकं जुन्या बाजारात गेलं आणि तिथून मला उचललं ते दादांनी. दादा म्हणजे इथे रेकॉर्डिंग करणारे. काचेपलीकडे बसून बटणं फिरवतात, कानांवर मोठे हेडफोन असतात. त्यांनी मला फुंकून, पुसून पाहिलं आणि म्हणाले, ‘कान शाबूत आहेत ह्याचे.’ माझं इतकं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

इथे आल्यावर मी पुस्तकांचा नाद लावून घेतला. कुठल्या जातीचं पुस्तक चाललंय, हे मला शब्द न ऐकता सांगता येतं. प्रवासवर्णन असलं की वाचणाऱ्याचा श्वास लांब होतो. भुताची गोष्ट असली की खुर्ची पुढे सरकते आणि तोंड माझ्या फार जवळ येतं. विनोदी पुस्तकात काचेपलीकडे दादाच आधी फुटतात आणि बाहेरून खुणा करतात, की पुन्हा घ्या. थोरांचं चरित्र असलं की प्रत्येकाचा आवाज उगाच दीड फूट उंच होतो. ऐकणाऱ्यांच्या आवडीही अशाच तऱ्हेतऱ्हेच्या. मालिश करणाऱ्या एका पैलवान गड्याला प्रेमकथा लागतात, त्याही शेवट गोड असलेल्या. शिवणकाम शिकवणाऱ्या एक आजी भुताखेतांशिवाय दुसरं काही नेत नाहीत. माझ्या मते त्यात काही खालचं-वरचं नाही. ज्याला ज्यात रमायचं त्यात त्याने रमावं.

आता बाईंविषयी. बाई शाळेत इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगी लांब दुसऱ्या देशात. रोज सकाळी केसात कंगवा फिरवून, इस्त्रीची साडी नेसून त्या इथे येतात आणि माझ्यासमोर बसतात. आवाज असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. इथला नियम असा, की पुस्तक आधी घरी वाचून यायचं, म्हणजे अडखळायला होत नाही आणि कोणाला कसला आवाज द्यायचा ते ठरवता येतं. बाई त्या नियमाच्या एक पाऊल पुढे. पुस्तक हातात आलं की त्या आधी शेवटचं पान वाचतात. इतिहासाच्या बाई ना! लढाई कोण हरलं हे ठाऊक असल्याशिवाय त्यांना सनावळीच सुरू करवत नाही.

आणि मग आले ऑपरेटरकाका. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेले, उतारवयात दृष्टी गेलेली. पहिल्याच दिवशी आमच्या चिटणिसांनी त्यांच्या हातात दोन चरित्रं ठेवली. चिटणीस म्हणजे संस्थेचा कारभार पाहणारे, मनाने चांगले, पण सगळ्यांचं भलं करायची घाई झालेले.

‘ह्यातून प्रेरणा मिळेल तुम्हाला,’ चिटणीस म्हणाले.

‘प्रेरणा आहे हो भरपूर,’ काका म्हणाले. ‘मला खून हवाय.’

दादा काचेमागे इतके हसले की हेडफोन गळ्यात आला. तर असं बाईंच्या वाट्याला पहिलं रहस्याचं पुस्तक आलं. त्यांनी नाक मुरडलं, पण काम ते काम. पुस्तक झालं, काका घेऊन गेले आणि लगेच परत घेऊन आले.

‘खुनी डॉक्टर,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्या प्रकरणातच कळलं. तुम्ही त्याचं नाव घ्यायच्या आधी दर वेळी एवढासा श्वास घेता.’

काकांचा कान माझ्यासारखाच, त्यात शंका नाही. बाई वरमल्या. पुढच्या पुस्तकात त्यांनी ठरवून खुन्याला अगदी गोड आवाज दिला. काकांनी तोही पकडला. ‘पुतणी. एवढं मुद्दाम गोड कोण बोलतं?’ तिसऱ्या वेळी बाई सगळ्यांनाच सपाट वाचायला गेल्या, तर खुन्याच्या वेळी जास्तच सपाट झाल्या. जे पोटात आहे ते बाईंच्या ओठांवर येतंच. त्यांना लबाडी जमत नाही. हा गुण मोठा, पण खुनाच्या गोष्टीत त्याचा काही उपयोग नाही.

त्याच सुमारास चिटणिसांनी संगणकाचं एक यंत्र आणलं. पुस्तक त्याच्यात घातलं की ते आपोआप बोलून दाखवतं. ना पाणी मागतं, ना खोकतं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, त्यातली गत. मी त्याच्याकडे दुर्लक्ष करायचं ठरवलं होतं. पण एके दिवशी काकाच दारात येऊन म्हणाले, ‘बाई, राग मानू नका. माझी रहस्यं मी आता यंत्राकडूनच ऐकीन. त्याला काही भावना नाहीत, पण ते फितूर होत नाही. खुनी कोण हे त्यालाच माहीत नसतं.’

बाईंनी पुस्तक मिटलं. खरं सांगतो, मलाही लागलं ते. त्यावर चिटणिसांनी कळस चढवला. ते म्हणाले, मग आता ही खोली अडवून ठेवण्यात काय अर्थ आहे, वरच्या हॉलच्या जादा खुर्च्या इथे ठेवू. बाईंनी आता विश्रांती घ्यावी.

चिटणीस गेले. काका काठी चाचपत जिन्याकडे वळत होते. बाई कुणाला उद्देशून नाही, पण माझ्यासमोरच बसून म्हणाल्या, ‘मग सकाळी उठून मी जायचं कुठे?’

मी चालू होतो. दादांच्या खोलीतल्या स्पीकरमधून ते वाक्य बाहेर दारापर्यंत गेलं आणि काकांची काठी थांबली. ते परत फिरले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, ‘बाई, तुम्हालाच शेवट माहीत नसला तर?’

‘न वाचता वाचू?’ बाई म्हणाल्या. ‘तयारीशिवाय? आणि शेवट कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी चोरून बघीन.’

‘ते मी बघतो,’ दादा म्हणाले.

दादांनी एक नवं पुस्तक निवडलं, शेवटच्या प्रकरणाला सुतळीने करकचून बांधलं आणि पुस्तक कपाटात ठेवून किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. बाई रोज येणार, इथेच वाचणार, उठताना पुस्तक परत कपाटात. चिटणिसांनी डोकं हलवलं. एवढं एक पुस्तक होईपर्यंत खुर्च्या थांबतील, म्हणाले.

त्या पुस्तकात एका बंगल्याचे म्हातारे मालक सकाळी मरून पडलेले सापडतात. घरात एक माळी, एक उधळ्या पुतण्या आणि मालकांची शांत, सोशिक धाकटी बहीण. सुरुवातीला बाईंची त्रेधा उडाली. माळ्याला त्यांनी जवान गड्याचा आवाज दिला आणि पुढे कळलं की त्याला नातवंडं आहेत. दादा म्हणाले, मागे जाऊन पुन्हा घेऊ. बाई म्हणाल्या, ‘राहू द्या. मला जसं कळलं तसंच ऐकणाऱ्याला कळू दे.’

मग हळूहळू गंमत सुरू झाली. बाईंचा श्वास बदलला. पान संपत आलं की त्या घाई करू लागल्या. घरी जायला उठायच्या आणि पुन्हा बसायच्या, ‘एवढं एक पान होऊन जाऊ दे’ म्हणत. माळ्याने रात्री फावडं कुठे लपवलं हा भाग आला, तेव्हा त्यांच्या आवाजात असा संशय उतरला की मीही मनात त्या माळ्याला बेड्या घातल्या. बहीण मात्र त्यांना फार आवडली. एकटी बाई, सगळ्यांचं करून दमलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिला वेगळा आवाज द्यायचं त्यांना सुचलंच नाही. तिच्या तोंडची वाक्यं त्या स्वतःच्या आवाजात वाचत गेल्या.

सुतळी सोडायच्या दिवशी चिटणीस हातात टेप घेऊन आले. खुर्च्या किती मावतील, ते मोजायला. दादांनी ओठांवर बोट ठेवलं, लाल दिवा लावला आणि ते बिचारे कोपऱ्यात भिंतीला चिकटून उभे राहिले. बाई वाचू लागल्या. तपास करणारा अधिकारी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवतो. माळी घाम पुसतो. पुतण्या उठून दाराकडे जातो. अधिकारी म्हणतो, कुणी हलायचं नाही. मग तो वळतो, आणि त्या बहिणीसमोर जाऊन उभा राहतो.

बाई थांबल्या.

आजवर मी पुष्कळ शांतता ऐकल्या आहेत. सभागृहात भाषण विसरलेल्यांच्या, पाणी पिणाऱ्यांच्या, पान चिकटल्याच्या. ही तसली नव्हती. बाईंना आपल्या माणसाने फसवलं होतं, आणि त्या बहिणीची कबुली त्यांनाच द्यायची होती, तिला दिलेल्या स्वतःच्या आवाजात. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. मग अगदी खाली उतरलेल्या, थकलेल्या सुरात त्या म्हणाल्या, ‘हो. मीच दिलं त्यांना ते औषध. जन्मभर मला कुणी विचारलं नाही, की तुला काय हवंय.’

प्रकरण संपलं. लाल दिवा विझला. चिटणिसांच्या हातातली टेप अजून तशीच अर्धी बाहेर ओढलेली होती.

‘पण तिला एवढं काय झालं होतं?’ त्यांनी विचारलं.

‘पहिल्यापासून ऐका,’ बाई म्हणाल्या आणि रुमालाने डोळे टिपले.

दादांना अशी मधली शांतता कापून टाकायची सवय. तिथे हात घातला आणि त्यांनी तो मागे घेतला. रेकॉर्डिंग जसंच्या तसं काकांकडे गेलं. काका लगेच परत आले नाहीत. बाई रोज यायच्या, माझ्यासमोर बसायच्या आणि जिन्यावर काठी वाजते का, ते ऐकायच्या. मीही ऐकायचो. खोटं कशाला बोलू, माझाही जीव टांगणीला लागला होता.

काका आले ते थेट खुर्चीवर बसले. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

‘माळ्याची माफी मागायला हवी,’ ते म्हणाले.

‘मी मागितली,’ बाई म्हणाल्या.

‘मुद्दाम गोड आणि मनापासून गोड ह्यातला फरक मला कळतो. म्हणून तर फसलो. तुमचा जीव होता तिच्यावर.’ काकांनी पेनड्राइव्ह बाईंकडे सरकवला. ‘त्या यंत्राने ही गोष्ट सांगितली असती, तर मला खुनी कळला असता. धक्का बसला नसता.’

चिटणीस दारात उभे होते. त्यांनी एव्हाना पुस्तक पहिल्यापासून ऐकलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. ते म्हणाले, ‘मग असं करू. अभ्यासाची पुस्तकं यंत्राकडे. खून बाईंकडे.’

तेव्हापासून आमचं बरं चाललंय. खुर्च्यांनी दुसरी जागा शोधली. भुतंही आता बाईच वाचतात, प्रेमकथाही, आणि सगळं आधी न वाचताच. मालिशवाल्या पैलवानाची तक्रार आहे, की लग्न होईल की नाही ह्याची बाईंनाच धाकधूक असते, म्हणून त्याला झोप लागत नाही. पण तो दुसऱ्या कुणाचा आवाज मागत नाही. बाई कधी अडखळतात, कधी चुकीच्या माणसाला जीव लावतात. त्यांच्या आवाजात हल्ली एक नवीन गोष्ट आलीय. पुढे काय होणार, हे माहीत नसण्याचं त्यांना आता भय वाटत नाही. वय झाल्यावर हे शिकणारी माणसं मी फार ऐकलेली नाहीत, आणि माझ्याइतकं कुणी ऐकलेलं नाही.

सध्या एका जहाजावरच्या खुनाचं पुस्तक चालू आहे. सुतळी बांधलेली आहे. बाईंचा संशय स्वयंपाक्यावर, काकांचा कप्तानावर, आणि चिटणीस काही ना काही निमित्त काढून जिन्यात घुटमळत असतात. माझं तुम्हाला हात जोडून एवढंच मागणं आहे. ते पुस्तक तुम्ही वाचलं असेल, तर कृपा करून ह्या खोलीकडे फिरकू नका.