राखासुराचा बाप

शेठने लाथ घातली, मनासे विटांच्या राशीवर कोसळला आणि दोन्ही हात जोडून कळवळून म्हणाला, "मालिक, बच्चे के सामने नहीं. बच्चे के सामने नहींऽऽ."

हे पडद्यावर. इकडे बाल्कनीच्या कोपऱ्यात खराखुरा मनासे खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता. आता थिएटर सुन्न होणार, पुढच्या रांगेतून एखादा हुंदका येणार, अशी त्याची खात्री होती. गेले चार महिने तो याच क्षणाच्या आशेवर जगत होता.

क्षणभर सगळे गप्प झालेही. मग स्टॉलमधून कुणीतरी भसाड्या आवाजात विचारलं, "ओ साहेब, अलिबाग गाडी कितव्या फलाटावर?"

सगळं थिएटर फुटलं. शेठ पडद्यावर मनासेला पोराच्या देखत कान धरून कोंबडा करत होता, आणि इकडे प्रेक्षक खुर्च्या बडवत होते. "पेण गाडीला उशीर आहे का?" "खिसेकापूंपासून सावध राहा." "कंडक्टर जाधव, कुठे असाल तिथून कार्यालयात या." प्रत्येक वाक्याला हशा वाढत गेला. पडद्यावरचा मनासे मरेपर्यंत तो थांबला नाही.

मनासे रोहेकर पनवेलच्या एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसायचा. समोर माइक. गोव्याकडे जाणारा, अलिबागकडे जाणारा, महाडकडे जाणारा, ज्याला म्हणून पनवेलला गाडी बदलायची असे त्याच्या कानावर मनासेचा आवाज पडायचाच. गावातल्या पोरांना आईच्या हाकेखालोखाल तोच आवाज ओळखीचा. मनासेला मात्र ही गोष्ट कधी मोजण्यासारखी वाटली नव्हती. ती नोकरी होती. नाटकाने पोट भरत नाही म्हणून धरलेली. खरं आयुष्य संध्याकाळी, तालमीत. राज्य नाट्य स्पर्धेत त्याने म्हातारे केले, वेडे केले, एकदा तर कलेक्टरही केला. एकदा अभिनयाचं प्रशस्तिपत्रकही मिळालं. पुढे काहीच झालं नाही.

आणि मग हा सिनेमा आला. राखासुर म्हणजे स्टँडबाहेर पोरं भाड्याने घेऊन वाचतात त्या कॉमिकमधला खलनायक, राखाडी तोंडाचा, दर अंकात कुणाचा तरी जीव घेणारा. तो असा का झाला, याची गोष्ट सिनेमात सांगायची होती. राखासुर मुळात वीटभट्टीवरच्या मजुराचा मुलगा. त्या मजुराच्या कामासाठी माणूस हवा होता, शूटिंग शिरढोणच्या बाजूच्या भट्टीवर होतं, आणि कुणीतरी मनासेचं नाव सुचवलं. पुढे मुंबईला स्टुडिओत जाऊन त्याने आपल्याच आवाजात संवादही भरले. डायरेक्टर पाठ थोपटून म्हणाला, "आवाज में दम है." त्या एका वाक्यावर मनासे चार महिने हवेत चालत होता.

पडद्यावर आता पोराने बापाच्या चितेतली राख तोंडाला फासली. पुढच्याच दृश्यात तो मोठा झाला, भट्टीवर परत आला आणि त्याने शेठला उचलून जळत्या भट्टीत टाकला. थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या, आरोळ्या, पडद्यावर नाण्यांचा पाऊस. सगळ्यात पुढे शिरढोणचे भट्टीवरचे मजूर बसले होते. शूटिंगच्या वेळी गर्दीत उभे होते, म्हणून स्वतःला बघायला टेम्पो करून आले होते. ज्यांनी खऱ्या शेठच्या लाथा खाल्ल्या होत्या तेही मघाशी हसले होते आणि आता सगळ्यांत जास्त नाचत होते.

मनासेला कळेना. बापासाठी कुणी रडलंच नाही, तर मग हा पोरगा माणसं जाळतोय ती कुणासाठी? आणि हे टाळ्या कशाला वाजवतायत? मध्यंतराचे दिवे लागण्याआधीच तो तोंडावर रुमाल धरून बाहेर पडला.

शुक्रवार होता. ज्यू वस्तीच्या इस्रायल आळीत घरोघरी शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, तयारी चालली असणार. घरोघरी म्हणायचं एवढंच, घरं उरली होती मोजकी. बाकीच्यांनी केव्हाच इस्रायलचं विमान धरलं होतं. मनासेची बायको दिना हिचा भाऊ रोनेन तिकडे अश्दोद शहरात जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्याचा एकच धोशा होता, तुम्हीही या. दिनाचीही ओढ तिकडेच. मनासे दर वेळी नवं निमित्त काढायचा. मुलीची, निरीतची, दहावी होऊ दे. घराला गिऱ्हाईक मिळू दे. गेल्या जानेवारीत आखातात युद्ध पेटलं तेव्हा तर तो मनातून सुखावलाच होता, कारण रॉकेटं पडतात तिथे बायकापोरांना कसं न्यायचं, हे बिनतोड होतं. युद्ध संपलं आणि निमित्तंही संपली. तेव्हा तो स्वतःच बोलून बसला होता, "या सिनेमाचं काय होतं ते बघू. लोकांना माझं काम भिडलं तर इथेच राहायचं. नाही भिडलं तर तू म्हणशील तिथे येतो." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरात शिरला तेव्हा दिना दिव्याच्या वाती सारख्या करत होती.

"कसा झाला?" तिने वर न बघताच विचारलं.

मनासेने चपला काढायला जरा जास्तच वेळ घेतला. "गप्प झाले लोक," तो म्हणाला. "पुढच्या बायका डोळे पुसत होत्या."

दिनाने मान वर केली. तिला जायचं होतं, मनापासून जायचं होतं, आणि तरी तिचा चेहरा उजळला. आदळआपट करणाऱ्या बायकोशी खोटं बोलणं सोपं असतं.

"मी मलिद्याचा नवस बोलले होते," ती म्हणाली. "तुमचं काम गाजू दे म्हणून."

"तू? तुला तर जायचंय."

"जायचंय. म्हणून काय तुमचं वाईट चिंतू? रविवारी तीनच्या खेळाला मी आणि निरीत बघतो, आणि संध्याकाळी मलिदा करू. एझ्राकाकांना सांगून येते. सिनेमा तुम्ही म्हणता तसा असला तर रोनेनला मी कळवते, आमची वाट बघू नका म्हणून."

मलिदा म्हणजे भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं घालून, फळं मांडून संदेष्ट्याच्या नावाने ठेवलेलं ताट. कार्य सिद्धीला गेलं की करायचं, चार घरांतली माणसं बोलवून, स्तवन म्हणून. आळीत स्तवन सुरू करायचा मान बरीच वर्षं मनासेकडे होता. त्याच्यासारखा आवाज कुणाचा नव्हता.

शनिवारी प्रार्थना आटोपून तो सरळ टॉकीजवर गेला. दारावरच्या जगनने त्याला बघून सलाम ठोकला आणि म्हणाला, "या, राखासुराचे बाबा." मनासे मॅनेजरच्या खोलीत शिरला. मॅनेजर कमलाकर म्हात्रे खुर्चीत पाय वर घेऊन भजी खात होता.

"कमलाकर, माझा सीन कापा," मनासे म्हणाला.

कमलाकरच्या हातातलं भजं तसंच राहिलं. "काय?"

"भट्टीवरचा. लाथ मारतो तो. पिक्चर लांबला की तुम्ही गाणी कापताच की."

"गानी कापतो. धंदा देनारा सीन कोन कापतो? काल रातच्याला तोच सीन बगाया पोरं पुन्ना आली. बाकी पिक्चरमदे दम नाय, रोहेकर. तुमी नि ती भट्टी, दोनच गोष्टी चालतात."

"मग फक्त उद्याच्या तीनच्या खेळाला कापा. तेवढ्या एका खेळाला." मनासेचा आवाज चिरकला. आयुष्यात पहिल्यांदा पडद्यावर आलेला माणूस आपलंच तोंड कापून टाकायची भीक मागत होता, हे त्याचं त्यालाच ऐकू येत होतं. "माझी बायको येणार आहे. मुलगी येणार आहे. पाया पडतो तुमच्या."

कमलाकर वाईट माणूस नव्हता. तो पाय खाली घेऊन सरळ बसला. "वयनी येतात? मंग बाल्कनीतल्या तीन खुर्च्या ठेवतो. पैशे नाय घ्यायचो. पन सीन कापला तं पोरं पडदा फाडतील माजा." मग भज्यांची बशी पुढे सरकवत म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. लोकं हसली, म्हंजे ओलखतात तुमाला. आमाला कोन ओलखतो?"

मनासेने एक भजं उचललं आणि खाल्लंही. का खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं.

रात्री दिना पोहे निवडायला बसली. आता सांगावं, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं. ती पोह्यांतले खडे बाजूला टाकत निरीतला सांगत होती, "पप्पांचा सीन आला की मध्येच बोलू नकोस हं." तो उठून आत जाऊन झोपला.

रविवारी थिएटर गच्च भरलं होतं. दिनाने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. भट्टी पडद्यावर आली तशी खाली चुळबुळ सुरू झाली, ताट पुढ्यात येताना पंगत करते तशी. दिनाने अंधारात मनासेचा हात धरला.

शेठने लाथ घातली. पडद्यावरच्या मनासेने तोंड उघडण्याआधीच शंभर घशांतून एका सुरात निघालं, "अलिबागला जाणारी गाडीऽऽ फलाट क्रमांक चारवरऽऽ लागली आहेऽऽ." मग त्याचं वाक्य आलं. मग हशा.

दिनाचा हात थरथरायला लागला. निदान ही तरी रडतेय, मनासेला वाटलं. त्याला एकदम भरून आलं. सगळी दुनिया हसली तरी एक माणूस रडलं, एवढ्यावर उभा जन्म काढता येतो. त्याने मान वळवून पाहिलं. दिनाने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे गदगदत होते. ती हसत होती. हसू आवरत नव्हतं तिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तरी ती हसत होती.

मनासेने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "बच्चे के सामने नहींऽऽ." या वेळी त्याला ते ऐकू आलं. शेवटचा शब्द तो लांबवत होता आणि वर उचलत होता, जसं "लागली आहे" लांबवून वर उचलायचं असतं, म्हणजे गोंगाटात शेवटच्या बाकापर्यंत पोचतं. कळवळा होता, खराखुरा होता, पण तो स्टँडच्या चालीवर होता. लोकांचं काही चुकलं नव्हतं. जी नोकरी नाटकासाठी धरली तिने घसा कधी गिळून टाकला, ते त्याला समजलंही नव्हतं. डायरेक्टरला ते कळायचं कारण नव्हतं. तो कधी पनवेलला गाडी बदलायला उतरला नव्हता.

परतताना निरीत मुद्दामच दहा पावलं पुढे चालली होती.

"परवाही हसलेच होते ना?" दिनाने विचारलं.

"हो."

"मग खोटं का बोललात? तेही दिवा लावायच्या वेळी."

मनासे निरीतच्या पाठीकडे बघत चार पावलं चालला. मग म्हणाला, "तू रडशील असं वाटलं होतं. तू एकटी रडली असतीस तरी मला चाललं असतं."

दिना रस्त्यातच थांबली. "हसू आवरायचं मी खूप बघितलं हो," ती म्हणाली. "पण मला तुम्ही दिसलाच नाहीत. मला स्टँडच दिसत राहिलं. मला माफ करा." आणि मग, जे आत अंधारात यायला हवं होतं ते रडू तिला भर रस्त्यात आलं. मनासेने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याला त्या रडण्याचा आता काही उपयोग नव्हता.

घरी माणसं जमली होती. ताट तयार होतं, पोह्यांवर खोबरं पेरलेलं, बाजूला केळी, खजूर, सफरचंद. आळीतले सगळ्यांत वडीलधारे एझ्राकाका टोपी सारखी करत म्हणाले, "बोल दिना. नवस कशाचा? नाव घेतल्याशिवाय सुरू कसं करायचं?"

दिनाने मनासेकडे पाहिलं. ती काय सांगणार होती कोण जाणे. मनासेने तिच्यावर ती वेळ येऊ दिली नाही.

"प्रवासाचा आहे, काका," तो म्हणाला. "आम्ही निघतोय. रोनेनकडे."

निघणाऱ्यांसाठीही मलिदा करतात. आळीने असे पुष्कळ पाहिले होते. एझ्राकाकांनी दोनतीनदा मान हलवली. "बरं," ते म्हणाले. "मग आज शेवटचं ऐकतो तुझं. कर सुरू."

मनासेने डोळे मिटले, श्वास भरून घेतला, तोंड उघडलं. पहिला शब्द जिभेवर आला आणि त्याला त्याचा शेवट आधीच ऐकू आला, लांबवलेला, वर उचललेला. त्याने तोंड मिटलं.

"कर ना रे," काका म्हणाले.

त्याने नकारार्थी मान हलवली. थोडा वेळ वाट पाहून काकांनी आपल्या दमेकरी आवाजात स्वतःच सुरुवात केली आणि बाकीच्यांनी चाचरत साथ धरली. दुसऱ्या कडव्यावर काकांना खोकल्याची उबळ आली. स्तवन मध्येच थांबलं आणि सगळे सवयीने मनासेकडे बघू लागले. तो खाली मान घालून ताटातली केळी सारखी करत राहिला.