सगळ्या वर्गाची बहीण

आमच्या ह्यांना लोक शांत माणूस म्हणतात. लोकांचं काय जातं! मुक्याबरोबर संसार मला करायचाय. श्रावणात उमा गेली, विषमज्वरानं. आमची एकुलती एक पोर. त्या दिवसापासून ह्यांनी तिचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही. तिचा परकर, पाटी, सागरगोटे, सगळं ट्रंकेत घातलं आणि ट्रंक माळ्यावर टाकली. एकदा जेवताना मी म्हटलं, "उमीला भोपळ्याचे घारगे फार आवडायचे." तर हे ताटावरून उठले. मग मीही गप्प झाले. पण मला ते नाव ऐकायचं होतं, ह्यांच्या तोंडून. पोर दोघांची होती, मग मी एकटीनंच किती रडायचं?

आम्ही अंबरनाथला राहतो. हे उल्हासनगरच्या कॅम्पात, बरॅकीत भरणाऱ्या एका शाळेत आठवीला इंग्रजी शिकवतात. इंग्रजी सुरूच आठवीपासून होतं, म्हणजे नुसता ओनामा. निबंध मास्तरांनी फळ्यावर लिहून द्यायचा, पोरांनी घोकायचा आणि परीक्षेत जसाच्या तसा उतरवायचा. 'माझी बहीण' या निबंधाला ह्यांनी घरातलीच मुलगी घेतली. 'मला एक बहीण आहे. तिचं नाव उमा. ती आठ वर्षांची आहे. तिचे पुढचे दोन दात पडले आहेत. ती माझी पेन्सिल लपवते आणि विचारलं की हसते.'

खोटं एक अक्षर नव्हतं. पेपर तपासायला बसले की ह्यांची लाल पेन्सिल हमखास गायब व्हायची.

वर्गात सिंधी पोरं, मराठी पोरं. बहीण कुणाला होती, कुणाला नव्हती. पाठ सगळ्यांनी हीच केली. उमीला कोण आनंद! "आय हॅव अ सिस्टर, हर नेम इज उमा," म्हणत घरभर नाचायची. आषाढात हट्ट करून एक दिवस ह्यांच्याबरोबर शाळेत गेली, तर पोरं बाकं सोडून गोळा झाली. "अरे, ये तो अपनी उमा है!" गोपी नावाच्या सिंधी मुलीनं तिला तोंड उघडायला लावलं, दात खरंच पडलेत का ते बघायला. निबंध खरा निघाला म्हणून अख्खा वर्ग हसला. गोपीनं डब्यातला पापड तिला दिला. उमीनं तो न मोडता घरी आणला आणि मला अर्धा दिला.

सहामाहीचा पेपर ह्यांनी तेव्हाच काढून दिला होता. त्यात निबंध होता 'माझी बहीण'. मग श्रावण आला.

दिवाळीच्या तोंडावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आला आणि कोनाड्यात पडून राहिला. हेडमास्तरांचे निरोपावर निरोप. आत काय आहे ते हे ओळखून होते, माझ्याच डोक्यात उशिरा प्रकाश पडला. रविवारी दुपारी मी गठ्ठा ह्यांच्या पुढ्यात आपटला.

"तपासायचे नसतील तर तसं सांगा. बंबात घालते, पाणी तरी तापेल."

"असं नको गं करू."

"मग वाचा. मोठ्यानं वाचा, आणि मला मराठीत सांगा."

"काय सांगू? सगळ्यांनी एकच लिहिलं असणार."

"तेच सांगा."

ह्यांनी दोरी सोडली. "मला एक बहीण आहे. तिचं नाव..." इथे घसा खाकरला आणि नाव गाळून पुढे गेले. "ती आठ वर्षांची आहे." दुसऱ्या पेपरात तेच, तिसऱ्यात तेच.

"मास्तरच गाळतो, तर पोरांचे मार्क कुठल्या तोंडानं कापता?" मी म्हटलं. फार लागेलसं बोलले. प्रत्येक कागदावर पोर धडधाकट होती, दात पडलेली, हसणारी.

निम्मा गठ्ठा संपला आणि हे एका पेपरावर थांबले.

"वाचा की."

"गोपीचा आहे. हिनं पाठ केलेलं लिहिलं नाही. आपल्या मनानं लिहिलंय. चुकाच चुका आहेत."

"असू देत."

हे एकेक शब्द सांगत गेले. नाव याही वेळी गाळलंच. "मला एक बहीण आहे. ती आमच्या शाळेत आली होती. मी तिला पापड दिला. तिला ताप आला. ती मेली. आता सर हसत नाहीत. पुढे काय लिहायचं ते सरांनी शिकवलं नाही."

मग मार्क द्यायला ह्यांनी हात पुढे केला. पेन्सिल जागेवर नव्हती. कागदांखाली गेली असणार. ह्यांनी सतरंजी चाचपली, गठ्ठा उचलून पाहिला, आणि मान वर न करता, पूर्वीच्याच लटक्या रागाच्या आवाजात दाराकडे हाक मारली, "उमे, पेन्सिल दे पाहू."

हेच नाव ऐकायला मी जीव टाकत होते. ऐकलं, आणि ह्यांचा हात घट्ट धरून मीच ओरडले, "नका हो, नका हाक मारू तिला."