शिळं पाणी

नागुबाईंनी तिसरी घागर कलती केली आणि पाणी भळभळ मोरीतून अंगणात आणि अंगणातून गटारीत गेलं. हंडा त्यांनी आधीच पालथा घातला होता. पदर खोचून त्या चिंच-राख घेऊन बसल्या आणि तांबं चकचकीत होईपर्यंत घासत राहिल्या.

नागुबाईंच्या जांबोटीत रात्रीचं पाणी सकाळी कुणी पीत नाही. उजाडलं की शिळं ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. लेक बाळंतीण, ती उठायच्या आत एवढं आवरावं, म्हणजे विहीणबाईंनाही कळेल कुठल्या घरची पोर केली आहे ते!

हे घर लेकीचं. चिकोडीच्या पुढे, अथणीकडच्या माळावर. काल तीन बस बदलून, दिवे लागायच्या वेळी त्या इथे उतरल्या होत्या. मनात एकच होतं. नीलमला आणि वीस दिवसांच्या नातवाला दोन महिने जांबोटीला न्यायचं. तीस वर्षं त्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालत आल्या होत्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर, कढत पाण्याच्या घागरींवर घागरी अंगावर घेत वाढली. सख्खा नातूच तेवढा राहावा हे त्यांना सोसत नव्हतं. त्यातून नीलम दोन वर्षांत माहेरी फिरकलीच नव्हती. विहीणच पाठवत नसणार, अशी त्यांची पक्की खात्री होती.

"नळ कुठं हाय गं तुमचा?" मागे पावलं वाजली म्हणून त्यांनी विचारलं.

दारात रचना उभी होती, नीलमची थोरली. चार वर्षांची. ओल्या अंगणाकडे बघता बघता तिचं तोंड पांढरं पडलं. दोन्ही हात पाठीमागे लपवून ती दाराच्या कोपऱ्यात सरकली.

"काय झालं गं बाय?"

"मी न्हाय सांडलं," ती म्हणाली. "आज्जी, आईला सांग की. मी न्हाय सांडलं."

नागुबाईंचा हात थांबला. एवढंसं पोर, आणि पाणी बघून थरथरतंय?

कानाला फडकं बांधून नीलम बाहेर आली. पालथा हंडा तिने पाहिला. ओरडली नाही, काही नाही. वाटी आणि चिंधी घेऊन मोरीशी बसली आणि खळग्यात साचलेलं पाणी टिपून वाटीत पिळू लागली.

"अगं, ओली बाळंतीण तू! ऊठ आधी. शिळं व्हतं ते. मी ताजं भरून आणतो की."

"कुठनं आणशील?" नीलमने मान वर केली नाही. "टँकर काल आलता. आता फुडच्या मंगळवारी. आला तर."

नागुबाईंनी मोरीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. पिंप भरलेलं होतं, पण ते बोअरचं मचूळ पाणी, भांड्याकुंड्यांपुरतं. अंगाला लावलं तर बाळाला पुरळ उठायचं. पिण्याचं, बाळाच्या अंघोळीचं, सगळं तांब्याच्या भांड्यांत होतं आणि ते त्यांनी निगुतीने ओतून टाकलं होतं. जिल्हा एकच. जांबोटीला पावसाळ्यात चार-चार महिने अंथरूण सुकत नाही, आणि या माळावर पोचेपर्यंत ढगाकडे नुसती सावली उरते. हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

तेवढ्यात विहीण आली. जयाबाई. आता ही आपलं सगळं माहेर उद्धरणार, म्हणून नागुबाईंनी मान खाली घातली. जयाबाईंनी अंगण पाहिलं, कळशी उचलली आणि मुकाट बाहेर पडल्या. तीन घरं फिरून अर्धी कळशी घेऊन आल्या आणि पहिला तांब्या नागुबाईंच्या पुढे धरला.

"प्या, ईनबाई. पावणं हाय तुम्ही."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नागुबाईंनी एक घोट घेतला. तांब्या तसाच खाली ठेवला.

"ईनबाई, चुकलं माझं. पर हिला सोडा आता माझ्यासंगं. दारात वढा हाय आमच्या. आजच नेतो."

"मी कवा अडीवलंय?" जयाबाई म्हणाल्या. "दरसाली सांगतो, जाऊन ये म्हणून. तीच जात न्हाय."

नागुबाईंनी लेकीकडे पाहिलं. नीलम चिंधी पिळत होती.

"दोन सालामागं रचनीला घिऊन आलतो न्हवं? म्हैनाभर वढ्यात डुंबली. हितं परत आली आनि दुसऱ्याच दिवशी खेळता खेळता घागर उपडी केली तिनं. हसत हुती, आई. मी चुलीतलं लाकूड उचललं."

"नीलू..."

"हात मोडला तिचा. तुला फोनवर पडली म्हणून सांगिटलं. पडली न्हवती."

नागुबाई लेकीच्या हातांकडे बघत राहिल्या. हीच ती पोर, जिच्या हातून कधी कोंबडीला दगड बसला नव्हता.

"आता ह्याला बी सवय लावून आनू तिथली?" नीलम म्हणाली. "आनि मग ह्याला बी मारू?"

आत बाळ रडायला लागलं. जयाबाईंनी कळशीतलं तांब्याभर पाणी कोमट केलं आणि पाटाखाली घमेलं सरकवलं. न्हाणाचं पाणी म्हशीला जायचं होतं. नागुबाई सवयीने पाटावर बसल्या, पाय लांब केले. नीलमने बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं.

त्यांनी तांब्या उचलला. तीस वर्षं हा हात न बघता पाणी ओतत आला होता. आज तो अधांतरी थांबला. एका धारेत सगळं संपणार होतं, आणि बाळाचं डोकंसुद्धा अजून भिजलं नव्हतं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. बाळ लेकीच्या हातात दिलं आणि पाटावरून उठल्या.

"तू बस," त्या म्हणाल्या. "किती घालायचं ते मला दाव."

नीलम बसली. मऊ फडकं भिजवून तिने पिळलं आणि बाळाच्या कपाळापासून सुरुवात केली. नागुबाई शेजारी उकिडव्या बसल्या आणि शिकू लागल्या.