टेपवर आधी कोण

बून हुईच्या घरातल्या सर्व्हरमधल्या दोन डिस्कपैकी एक मागच्याच आठवड्यात मेली होती आणि आता दुसरी खोकायला लागली होती. बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगणार कुठल्या तोंडाने? "फोटो ठेवायला परक्या कंपनीला दर महिन्याला पैसे कशाला? मी बसलोय ना," असं म्हणून त्यानेच मुलीचे सगळे फोटो, पहिल्या आंघोळीपासून दातांच्या तारांपर्यंतचे, स्यू खिमच्या फोनमधून काढून या डिस्कवर टाकले होते. डिस्क गेली की रुई एनचं बालपण गेलं, आणि त्यामागोमाग बून हुईची घरातली उरलीसुरली पत.

म्हणून शनिवारी सकाळीच तो कुठल्याशा ऑफिसने टाकून दिलेला टेप ड्राइव्ह आणि एक टेप घेऊन आला. टेप म्हणजे जाडजूड कॅसेटच. एकदा भरून कपाटात ठेवली की पुढची कित्येक वर्षं चिंता नाही, असं विकणारा म्हणाला होता.

सर्व्हर बाँबखोलीत होता. युद्ध झालंच तर लपायला म्हणून सरकारने फ्लॅटमध्ये दिलेली ही जाड भिंतींची, पोलादी दाराची खोली. युद्ध होत नाही तोवर तिथे तांदूळ, सुटकेसा आणि टॉयलेट पेपर लपून बसतात.

ड्राइव्ह चालू झाला आणि घर दणाणलं. टेपला सुसाट धावायचं होतं, आजारी डिस्क माहिती थेंब थेंब सोडत होती. त्यामुळे टेप जरा पुढे जायची, थांबायची, मागे यायची, पुन्हा पुढे. घूंऽ, खट, घूंऽ.

"दार लाव ते," स्यू खिम सोफ्यावरून म्हणाली.

"वायर आहे मधे."

"मग भिंतीला भोक पाड."

"त्या भिंतीला भोक पाडायला परवानगी नाही."

"म्हणजे बाहेरचा बाँब आत येणार नाही, पण तुझा हा भोंगा बाहेर येणार. छान."

बून हुईने वायर उपटली, लॅपटॉप थेट सर्व्हरला जोडला, आत शिरून दार ओढून घेतलं आणि तांदळाच्या गोणीवर बसला. घामाने चष्मा घसरत होता. पडद्यावर एकेका फोटोचं नाव सरकत होतं. सगळ्यात जुनं आधी, असं त्यानेच ठरवलं होतं. आणि घरात सगळ्यात जुन्या होत्या त्याच्या बसगाड्या. लग्नाच्या आधीपासून तो शहरभर फिरून बसगाड्यांचे फोटो काढत होता. त्यातल्या निम्म्या गाड्या भंगारात जाऊन जमाना झाला होता.

डिस्क टकटकली. एवढी बिनएसीवाली डबलडेकर टेपवर जाऊ दे, मग मुलीचं बघू. ती गेली. मग वाटलं, आता मागच्या दरवाजावाली तेवढी.

दार किलकिलं झालं. रुई एन डोकावली. "पा, आई विचारतेय, आत जिवंत आहेस ना?"

"आहे."

"माझे फोटो झाले?"

"होतायत."

तिने मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं. "या बसगाड्या आहेत."

बून हुईने घसरलेला चष्मा वर सरकवला.

"पा, मी कधी येते?"

"तू... बेडोक डेपोच्या गाड्या झाल्या की."

"आईला सांगू?"

"थांब थांब थांब."

त्याने काम बंद पाडलं, घाईघाईत मुलीचं फोल्डर निवडलं आणि पुन्हा सुरू केलं. टेप करकरत पार सुरुवातीला गेली. पुढचा सगळा वेळ तो नखं कुरतडत राहिला. फोटो एकेक करून उतरले. टेपवरून शाळेचा पहिला दिवस उघडून बघितला. गणवेश ढगळ, नाक वाहतंय, सगळं जागच्या जागी.

हुश्श करून तो बसगाड्यांकडे वळला. डिस्क एकदा टकटकली आणि गप्प झाली. हरकत नाही, निम्म्या गाड्या टेपवर आहेत. मग त्याला ती करकर आठवली. टेप पहिल्यापासून लिहिली गेली होती. बिनएसीवाल्या डबलडेकरवर आता रुई एन आंघोळ करत होती.

स्यू खिम जेवायला बोलवायला आली तेव्हा तो गोणीवर बसून डोळे पुसत होता आणि समोर मुलीचा फोटो होता.

संध्याकाळी ती बहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, रडत होता. लेकीसाठी. मला वाटायचं हा माणूस दगड आहे." रुई एन बापाकडे बघत होती. बाप पंख्याकडे.

डिस्क गार केली की कधीकधी घटकाभर चालते, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"बून," स्यू खिमने फ्रीजरमध्ये डोकं घालून हाक मारली, "फिशबॉलच्या पाकिटामागे हे प्लास्टिकमध्ये काय बांधून ठेवलंयस?"

"राहू दे."

"खायचंय?"

"नाही. नुसतं राहू दे."

तिने पिशवी कोपऱ्यात ढकलली, फिशबॉल काढले आणि फ्रीजरचं दार धाडकन आपटलं. बून हुई खुर्चीतून अर्धा उठला आणि पुन्हा बसला.