एकशे सत्तावीसच्या पुढे

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर खलाशी आहे. घरी आम्ही त्याला बडबड्या म्हणतो. भर समुद्रात फोन लागत नाही, म्हणून तो उपग्रहामार्फत निरोप पाठवतो. एका निरोपात फार तर शंभर अक्षरं. ते उलगडून आईच्या फोनवर दाखवणारा प्रोग्रॅम माझा, आणि त्याबद्दल मी दोन वर्षं भाव खाल्लाय.

अकरा दिवसांपूर्वी मी त्याला झापलं. "इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचून डोळे फुटायची वेळ आली. आपल्या लिपीत लिही." तेव्हापासून निरोप बंद. जहाजाचं ठिकाण रोज कळत होतं, म्हणजे स्वारी सुखरूप होती आणि माझ्यावर रुसली होती. मीही हट्टाला पेटले. आधी तो बोलेल, मग मी. आत मात्र जीव तुटत होता.

"रुसला?" आई म्हणाली. "तो झोपेतही गप्प बसत नाही. तुझंच काहीतरी बिनसलंय, बघ."

राग आला, तरी बघितलं. लांबी न जुळणारे निरोप माझा प्रोग्रॅम बाजूला टाकून देतो. तिथे अकरा पडले होते.

प्रत्येक निरोपाच्या आधी त्याची लांबी येते, बाइटमध्ये मोजलेली. त्यासाठी मी एकच बाइट वाचत होते, आणि एका बाइटमध्ये इथे एकशे सत्तावीसपर्यंतचीच लांबी मावते. त्यापुढे गेलं की पहिल्या बाइटमध्ये एकशे अठ्ठावीस मिळवून ठेवतात. त्याचा अर्थ, थांब, पुढचाही वाच. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आपल्या लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. त्यामुळे दोन वर्षांत ही वेळच आली नव्हती.

पहिल्या निरोपाच्या तोंडाशी होते १३२ आणि २. १३२ मधून १२८ गेले, उरले चार. पुढचा बाइट सांगतो, १२८ किती वेळा धरायचे; इथे दोन वेळा, म्हणजे २५६. एकूण २६०. पुढचे बाइट मोजले, बरोबर २६०. हायसं वाटलं. लगेच प्रोग्रॅम दुरुस्त करून निरोप उलगडले.

"ताई, हुकूम शिरसावंद्य," पहिला निरोप सुरू होत होता. अकरावा होता, "एवढं आपल्या लिपीत लिहितोय, तरी तुझा राग जात नाही का?"

अकराही निरोप आईला वाचून दाखवले. मग त्याला लिहिलं, "राग नव्हता रे. मलाच मोजता येत नव्हतं."